मेथीच्या वाफ्यातली चंदेरी रेघ

कोल्हापुरात जुलैची झड लागली की दोन गोष्टी ठरलेल्या. सकाळी उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं याची चौकशी होते आणि परसातली कोवळी रोपं रातोरात नाहीशी होतात. गेल्या पावसाळ्यात माझी मेथी नुकती दोन पानांवर आली होती. एका सकाळी जाऊन बघतो तर निम्मा वाफा बोडका, आणि विटेच्या कडेवर चंदेरी रेघ. शेजारच्या आक्कांनी कंपाउंडवरून एक नजर टाकली आणि निकाल दिला, "गोगलगाय हाय ती. मीठ टाका की वो!"

मिठाचं पुढे बघू. आधी चोर नक्की कोण ते ठरवावं. अळीनं पान खाल्लं असेल तर आसपास बारीक लेंड्या सापडतात. गोगलगायीच्या मागे राहते ती वाळलेल्या चिकाची चकाकी. पानाला वेडीवाकडी भोकं पडतात, आणि रोप अगदी कोवळं असेल तर देठासकट फस्त होतं. तिच्या तोंडात कानशीसारखी एक पट्टी असते. त्या पट्टीवर हजारो सूक्ष्म दात असतात, आणि ते झिजले की मागून नवे येतात.

आपल्या परसात त्रास देणाऱ्यांत दोन मंडळी ठळक. पहिली मोठी शंखी गोगलगाय. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकानं ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली, तिथल्या चौरंगीतल्या एका बागेत ती सुटली आणि पुढे देशभर पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करून शेतकऱ्यांना दुबार पेरणीची पाळी आणणारी तीच. दुसरी बिनशंखाची, इंग्रजीत जिला स्लग म्हणतात ती. चपटी, काळपट, चामड्याच्या तुकड्यासारखी, पाठीवर मधोमध फिकट रेघ. लेव्हिकॉलिस आल्टे हे तिचं शास्त्रीय नाव. हीसुद्धा आफ्रिकेहून आलेली. माझ्या मेथीवर डल्ला मारणारी हीच निघाली.

"गोगलगाय आणि पोटात पाय" असं आपण वरून गरीब दिसणाऱ्या बेरकी माणसाला म्हणतो. पण प्राणिशास्त्रात हे शब्दशः खरं आहे. या वर्गाचं नाव गॅस्ट्रोपोडा, आणि त्याचा ग्रीक अर्थच पोट-पाय. पोटाखालचा सपाट स्नायू लाटांसारखा हलतो आणि जनावर पुढे सरकतं. त्यासाठी लागतो तो चिक, आणि हा चिक म्हणजे मोठी अजब चीज आहे. दाब नसताना तो खळीसारखा घट्ट धरून ठेवतो आणि स्नायूचा जोर वाढला की पातळ होऊन वाहायला लागतो. म्हणून भिंतीवर उलटी लटकलेली गोगलगाय पडतही नाही आणि अडकूनही बसत नाही. पण या चालीची किंमत जबर असते. प्रत्येक पावलाला (पाऊल म्हणावं का, हा प्रश्नच आहे) अंगातलं पाणी जमिनीवर सांडत जायचं. शरीराचा ८० टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा, आणि बिनशंखीला तर दार लावून बसायला घरही नाही. शंखी गोगलगाय उन्हाळ्यात शंखाचं तोंड पापुद्र्यानं बंद करून महिनोन् महिने झोपते. बिनशंखी मात्र मातीच्या भेगांत, दगडाखाली, कुंडीच्या बुडाशी ओल शोधत उतरते.

म्हणजे तिचं सगळं गणित पाण्याचं आहे. हे एकदा कळलं की कुठला उपाय चालेल आणि कुठला फसेल, ते बरंचसं घरबसल्या सांगता येतं.

मीठच घ्या. मीठ पडताच अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि जनावर मरतं, यात खोटं काही नाही. पण तेच मीठ वाफ्यात उतरलं की मेथीच्या मुळांशीही तोच खेळ खेळतं. वाफ्यात मीठ टाकणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं. राख आणि चुना यांचं तत्त्व बरोबर आहे. कोरडी भुकटी चिक शोषून घेते आणि गोगलगाय मागे फिरते. अडचण एकच, जुलैत कोल्हापुरात कोरडं काय राहतं? एक सर आली की राखेचा चिखल होतो आणि बाई त्यावरून निवांत जातात.

अंड्याच्या कवचांवर मात्र माझा फार विश्वास होता. आठवडाभर भुर्जीची टरफलं जमवून मी रोपांभोवती कडं घातलं होतं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं लेट्यूसच्या रोपांवर हाच प्रयोग रीतसर केला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष सांगितले. अंड्याची कवचं, तांब्याची पट्टी, खडी, पाईनची साल, लोकरीच्या गोळ्या, यांपैकी काहीही वापरा की वापरू नका, नुकसानीत फरक पडला नाही. चिकाची गादी अंथरून चालणाऱ्या जनावराला टोकदार कवचाचं काय कौतुक!

चालतो तो आपला कोल्हापुरी गूळ. जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवायचं आणि संध्याकाळी वाफ्याच्या कडेला अंथरायचं. कृषी खात्याची शेतकऱ्यांना शंखी गोगलगायीसाठी हीच शिफारस असते. गुळाचं पाणी आंबायला लागलं की त्याचा वास सुटतो, आणि गोगलगायीचं नाक तिच्या शिंगांत असतं. वरच्या दोन शिंगांच्या टोकाला डोळे आणि वास घेण्याची सोय, खालची दोन चाचपायला आणि चव घ्यायला. वासानं ती येते आणि गोणपाटाखाली ओल नि अंधार मिळाला की तिथेच मुक्काम ठोकते. पहाटे गोणपाट उचलायचं आणि खालची मंडळी साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकायची. मीठ वापरायचं ते इथं, बादलीत. ऑरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी आंबवलेल्या पावाच्या कणकेलाही गोगलगायी अशाच जमतात असं दाखवलंय. पण गूळ घरात असताना कणीक कोण वाया घालवणार?

पकडलेली गोगलगाय भिंतीपलीकडे फेकण्याचा मोह आवरावा, आणि तो फक्त शेजारधर्मासाठी नाही. रूथ ब्रूक्स या ब्रिटिश आजींनी बागेतल्या गोगलगायींच्या शंखांना नेलपॉलिश लावून त्या दूर सोडल्या आणि कोण परत येतं ते मोजलं. बऱ्याच जणी परत आल्या. २०१० मध्ये बीबीसीनं त्यांना हौशी वैज्ञानिकांचा पुरस्कार दिला. पुढच्या अभ्यासातून साधारण २० मीटरपलीकडे नेल्यास परतीची शक्यता फार कमी होते असं दिसलं. आमच्या गल्लीत २० मीटरमध्ये चार घरं येतात.

कृषी सेवा केंद्रात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. त्या खाऊन गोगलगायीच्या अंगातून चिक बेसुमार सुटतो आणि ती निपचित पडते. म्हणजे इथंही घाव पाण्यावरच. पण त्या गोळ्या कुत्र्यानं खाल्ल्या तर झटके येऊन ते दगावू शकतं. ब्रिटननं २०२२ च्या मार्चअखेर त्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. घरच्या चार वाफ्यांत, जिथं पोरं आणि मांजरं हिंडतात, तिथं मी त्या टाकणार नाही. शेतभर प्रादुर्भाव असेल तर गोष्ट वेगळी.

सर्वांत स्वस्त उपाय पावसानं उघडीप दिल्यावरचा आहे. झाडांना पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालायचं. संध्याकाळी पाणी घालणं म्हणजे रात्री बाहेर पडणाऱ्यांसाठी रस्ता ओला करून ठेवणं. सोबत फुटक्या कुंड्या, फळ्या, पालापाचोळ्याचे ढीग हलवावेत. त्यांच्याखालीच अंडी सापडतात, भिजवलेला साबुदाणा दोऱ्यात ओवल्यासारखी. गोगलगायी उभयलिंगी असतात. जोडीतल्या दोघीही अंडी देऊ शकतात, त्यामुळे दोन सुटल्या तरी पुढचा हिशेब चुकतो.

हात मात्र उघडा लावू नये. उंदराच्या फुफ्फुसात राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या गोगलगायींत वाढतात. कच्च्या भाजीला चिकटलेल्या बारीकशा गोगलगायीतून त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. हातमोजे किंवा चिमटा वापरावा, आणि कोशिंबिरीचं पान एकेक करून वाहत्या पाण्याखाली धुवावं.

गोगलगायी खाणारेही आहेत. भारद्वाज खातो, बदकं खातात. आणि राधानगरी-दाजीपूरकडे पावसाच्या तोंडावर ज्यांचा लखलखाट बघायला आपण गाड्या भरून जातो, त्या काजव्यांच्या अळ्याही खातात. अळी चावा घेऊन विष सोडते, गोगलगाय लुळी पडते, मग पाचक रसानं तिचं पातळ करून अळी ते पिऊन टाकते. हे मी मोठ्या उत्साहानं आक्कांना सांगितलं.

"काजवं आनू कुठनं आता?" आक्का म्हणाल्या. "बॅटरी घ्या आनी या रातीला."

रात्री नऊला भुरभुर पावसात आम्ही दोघं छत्री, चिमटा आणि बादली घेऊन वाफ्यात उतरलो. तासाभरात सदतीस निघाल्या. त्यातल्या अकरा अंड्यांच्या कवचांवर बसलेल्या होत्या.