पहिली युनिसायकल: घेण्याआधी आणि खोकं उघडल्यावर

पहिल्यांदा युनिसायकल, म्हणजे एका चाकाची सायकल, घेणाऱ्यांकडून आम्हाला दोन प्रश्न सारखे येतात. घेण्याआधी विचारतात, "किती इंची घेऊ?" आणि घेतल्यावर आठवड्याभरात फोन येतो, "पायडल सारखं ढिलं होतंय, बदलून द्या." पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मापांत मिळतं. दुसऱ्या तक्रारीत दोष बहुतेक वेळा पायडलचा नसतोच, युनिसायकल उलटी जोडलेली असते. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच आहे. पाना हातात घेण्याआधी "डावं-उजवं" हा भाग तेवढा नक्की वाचा.

चाक किती इंची

शिकायला २० इंची. मोठ्या माणसांनाही २० इंचीच. "मी उंच आहे, मला २४ लागेल" हा समज साध्या सायकलीवरून आलेला आहे. युनिसायकलमध्ये उंचीचा हिशेब सीटच्या दांड्यावर होतो. चाकाचा संबंध वेगाशी आहे. इथे चेन नाही, गिअर नाही, पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं फ्रीव्हील नाही, त्यामुळे पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. एका फेऱ्यात २० इंची चाक साधारण दीड मीटर पुढे जातं, २४ इंची १.९ मीटर आणि ३६ इंची पावणेतीन मीटरहून जास्त. मिनिटाला ९० फेरे मारले तर २० इंचीवर ताशी आठ किलोमीटरच्या थोडं वर आणि २४ इंचीवर दहाच्या आसपास वेग मिळतो.

शिकताना वेगाचा काही उपयोग नाही. तोल पुढे गेला की चाक झटकन पुढे न्यायचं आणि मागे गेला की मागे आणायचं, एवढंच काम असतं. लहान, हलकं चाक ते कमी जोरात करतं. २४ इंची तेव्हाच घ्या, जेव्हा तुम्हाला लांब जायचं आहे हे आधीपासून पक्कं ठाऊक आहे आणि शिकायला थोडा जास्त वेळ लागला तरी चालणार आहे. शर्यतीचा विचार असेल तर आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग फेडरेशनच्या नियमांत ट्रॅकवरच्या २४ इंची गटासाठी टायरचा बाहेरचा व्यास जास्तीत जास्त ६१८ मिलिमीटर आणि क्रँक (पायडल ज्याच्या टोकाला बसतं तो चाकाच्या बाजूचा दांडा) किमान १२५ मिलिमीटर अशी अट आहे. पण ती दुसरी युनिसायकल झाली, पहिली नव्हे. २६ इंचीपासून पुढच्या चाकांवर शिकायला जाऊ नका.

लहान मुलांसाठी १६ इंची, आणि तीही मुलाच्या पायाची लांबी २० इंचीला पुरत नसेल तरच. वयावरून ठरवू नका, पाय मोजा.

क्रँक २० इंचीला १२५ किंवा १२७ मिलिमीटरचे बरे, २४ इंचीला १४० ते १५०. आखूड क्रँकने पाय गोल आणि वेगात फिरतात, पण चाक आवरायला जोर कमी पडतो. नवशिक्याला आवर हवा असतो.

पायाचं माप

बूट घालून भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक कणा वर करून जांघेत घट्ट दाबा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. सगळ्यात खाली आलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढंच अंतर हवं. त्यातून क्रँकची लांबी वजा केली की ॲक्सलच्या (चाकाच्या मधोमध असलेल्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. उदाहरणार्थ, पाय ७८ सेंटिमीटर आणि क्रँक १२.५, म्हणजे ६५.५ सेंटिमीटर.

ऑर्डरच्या फॉर्मवर आम्ही हे माप विचारतो आणि बरेच जण तिथे फूट-इंचात स्वतःची उंची लिहितात. उंची सारखी असलेल्या दोन माणसांच्या पायांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असतो. आम्ही परत फोन करून माप मागतो, त्यात एखादा दिवस जातो, पण चुकीचा दांडा पाठवून परत मागवण्यापेक्षा तो दिवस गेलेला बरा.

दांड्याचे व्यास वेगवेगळे असतात: २२.२, २५.४ आणि २७.२ मिलिमीटर हे नेहमीचे. दांडा चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वरच्या नळीत बसतो, आणि एकाच्या नळीत दुसरा चालत नाही. दांडा जास्त लांब असेल तर तो नळीतून खाली उतरून टायरला घासतो, कारण युनिसायकलची नळी खालून उघडी असते. अशा वेळी खालच्या टोकाकडून लोखंड कापायच्या करवतीने कापा आणि कड कानशीने साफ करा, नाहीतर नळीला आतून ओरखडे पडतात. जेवढा जास्तीचा वाटतो त्याहून दोन-तीन सेंटिमीटर कमीच कापा. मुलं वाढतात, आणि सवय झाल्यावर मोठेही सीट वर घेतात. "इथपर्यंत आत हवा" ही दांड्यावरची खूण नळीच्या बाहेर दिसत असेल तर त्यावर बसू नका. माप पक्कं असेल तर आम्ही कापूनच पाठवतो. कापलेला दांडा मात्र परत घेता येत नाही.

सीटची उंची बरोबर आहे का, हे भिंत धरून बसून पाहा. टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा नुकताच सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तो हवाच. भीतीपोटी सीट पार खाली घेऊन शिकणारे पाच मिनिटांत दमतात, कारण सगळं वजन सीटऐवजी पायांवर येतं आणि जड पायांनी चाक अडखळत फिरतं. पहिल्या दिवशी दोन सेंटिमीटर खाली चालेल, त्याहून जास्त नको.

डावं-उजवं

साध्या सायकलीची चेन उजवीकडे असते, त्यामुळे ती कुणी उलटी जोडत नाही. युनिसायकलचा चिमटा दोन्ही बाजूंनी सारखा, चाक दोन्ही बाजूंनी सारखं. सीट कोणत्या तोंडाने बसवली यावरच पुढची बाजू ठरते. आणि सीट घाईघाईत, जसा हात पडेल तशी बसवली जाते.

आता पायडल. उजव्या पायडलचे आटे सरळ, डाव्याचे उलटे. याचं कारण असं: बोटांचं कडं करा, त्यात सैल बसेल अशी पेन्सिल धरा आणि तिचं टोक कड्याच्या आतल्या कडेने गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरताना दिसेल. पायाचा भार क्रँकच्या भोकात पायडलच्या दांड्याला असाच फिरवतो. सरळ जोडणीत हे फिरणं दोन्ही पायडलं आवळत जातं. सीट उलटी बसली की डावा क्रँक उजव्या पायाखाली येतो आणि तेच फिरणं दोन्ही पायडलं सोडवत जातं. मग ती कितीही जोराने आवळा, लांब पाइप लावून आवळा, आट्यांना चिकटवायचं द्रव लावा, काही फरक पडत नाही.

आधी बारीक कटकट ऐकू येते, मग पायडल डुगडुगतं. इथे थांबलात तर काहीच बिघडलेलं नसतं. तसंच चालवत राहिलात तर पायडलचा स्टीलचा दांडा दोन-तीन आट्यांवर लोंबकळतो आणि क्रँक ॲल्युमिनियमचा असेल तर त्याचे आटे ओरबाडून काढतो. भोकातून चंदेरी चुरा पडू लागला की क्रँक गेला. आटे मोठे करून आत स्टीलची गुंडाळी बसवता येते, पण स्वस्त क्रँकवर तो खर्च करण्यापेक्षा नवा क्रँक घेतलेला परवडतो.

ढिलं पायडल पाहून बहुतेक जण पायडलांची अदलाबदल करतात. ही चूक सगळ्यात महाग पडते. उलट्या आट्यांच्या भोकात सरळ आट्यांचं पायडल पान्याने दामटलं की दोन्हींचे आटे पाच मिनिटांत जातात. पायडल हलवू नका, सीट फिरवा. सीटखालची पकड ढिली करा, दांड्यासकट सीट अर्धा फेरा वळवा, पकड आवळा. एका मिनिटाचं काम आहे आणि पायडलांना हातही लागत नाही.

खोकं उघडल्यावर क्रम असा ठेवा. आधी क्रँकवरची अक्षरं शोधा, 'एल' म्हणजे डावा आणि 'आर' म्हणजे उजवा. बहुधा ती आतल्या अंगाला, पायडलच्या भोकाजवळ असतात. मग सीटचं पुढचं टोक ओळखा. ते अरुंद असतं आणि हाताने धरायची मूठ असेल तर ती त्याच टोकाला. सीट अशी बसवा की तिच्यावर बसल्यावर 'एल'चा क्रँक तुमच्या डाव्या हाताला येईल. आता पायडलं घ्या. दांड्याच्या टोकावर अक्षर असतं. ते पुसट असेल तर दांडा उभा धरून आटे पाहा: उजवीकडे चढत जाणारे आटे उजव्या पायडलचे, डावीकडे चढणारे डाव्याचे. आट्यांना बोटभर ग्रीस लावा आणि निदान तीन पूर्ण फेरे नुसत्या बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे वाकडे चढत आहेत. काढा, पुसा, परत लावा. पाना त्यानंतरच, १५ मिलिमीटरचा किंवा पायडलनुसार ॲलन की. पाना पायडलच्या दांड्यावर उभा धरून चाकाच्या पुढच्या बाजूकडे ओढला की दोन्हीकडचं पायडल आवळतं, एवढं लक्षात ठेवलं की उलट-सुलट आठवावं लागत नाही.

डाव्या क्रँकला आणि डाव्या पायडलला आम्ही लाल पट्टी लावून पाठवतो आणि सीटच्या खाली पुढच्या दिशेचा बाण चिकटवतो. पहिला महिना या खुणा काढू नका. उलटी चालवल्याने गेलेले आटे आम्ही वॉरंटीत धरत नाही. हा नियम काहींना कडक वाटतो. पण सीट उलटीच राहिली तर नवा क्रँकही तसाच जाणार, म्हणून आधी जोडणी सुधारून घेण्याचा आमचा आग्रह असतो. आमच्याकडे येऊन जोडून नेलीत तर हा प्रश्नच उरत नाही, आणि जोडणीचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

पैसे कमी असतील तर

चाक, ॲक्सल आणि सीट यांवर पैसे घाला. रंग, ॲल्युमिनियमचा चिमटा, ब्रेक, रुंद टायर यांवर नको. शिकताना युनिसायकल शेकडो वेळा पडते आणि दर वेळी सीट आधी आपटते, म्हणून सीटच्या दोन्ही टोकांना स्क्रूने बदलता येणारे प्लास्टिकचे गार्ड आहेत का हे पाहा. नुसत्या कापडाची सीट महिन्याभरात फाटते. बेअरिंग दोन तुकड्यांच्या, बोल्टने आवळायच्या पकडीत बसलेलं असावं. साध्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) बहुधा ६२०३ नंबरचं, म्हणजे १७ × ४० × १२ मिलिमीटरचं बेअरिंग असतं आणि ते कुठेही मिळतं. चौकोनी टोकाचा ॲक्सल शिकायला पुरेसा आहे. खाचांचा ॲक्सल उड्या मारणाऱ्यांसाठी. त्याचे पैसे वाचवा आणि नडगीचे, मनगटाचे गार्ड व हेल्मेट घ्या. पायडल प्लास्टिकचं हवं. दातेरी धातूचं पायडल उलटून नडगीवर बसलं की जखम खोल होते. बुटांच्या नाड्या आत खोचा.

आम्ही सगळ्यात स्वस्त, पातळ पत्र्याच्या पकडीची युनिसायकल ठेवत नाही. तिची पकड वाकते, बेअरिंग तिरकं बसतं आणि चाक अडकत फिरतं. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

जुनी घेत असाल तर जरूर घ्या. दोन्ही क्रँक धरून एकमेकांविरुद्ध दाबा. "टक्" असा झोल जाणवला तर क्रँकचं चौकोनी भोक झिजलं आहे आणि ते आवळून सुधारत नाही. चाक उचलून फिरवा, ते खरखर न करता बराच वेळ फिरलं पाहिजे. पायडलं काढून आटे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिला आठवडा

चौकोनी ॲक्सलवरचा क्रँक पहिल्या तासाभराच्या सरावानंतर थोडा आणखी आत सरकतो आणि नट सैल पडतो. १४ मिलिमीटरच्या सॉकेटने तो परत आवळा. दुसऱ्या-तिसऱ्या सरावानंतर पुन्हा एकदा. सैल क्रँकवर चालवलं तर स्टीलचा ॲक्सल क्रँकच्या भोकाचे कोपरे खातो. बेअरिंगच्या पकडीचे बोल्ट मात्र दणकून आवळू नका: दोन्ही बाजू आळीपाळीने, थोडं थोडं, चाक मोकळं फिरेल इतपतच. टायरमध्ये हवा बाजूवर लिहिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवा. मऊ टायर वळताना जमिनीला चिकटून राहतो.

पायडल तरीही ढिलं वाटलं तर त्याच क्षणी उतरा, आवळू नका, आणि आम्हाला तीन फोटो पाठवा: डाव्या क्रँकवरचं अक्षर, उजव्या क्रँकवरचं अक्षर आणि बसल्यावर वरून दिसणारी पूर्ण सीट. बहुतेक वेळा एवढ्यावरून उत्तर त्याच दिवशी देता येतं.