सरावाने शिकवलेली चूक

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरात उनोसुमाई नावाचा एक भाग आहे. ११ मार्च २०११ च्या दुपारी भूकंपाचे हादरे थांबले आणि तिथले बरेच रहिवासी घराबाहेर पडून ठरलेल्या जागी निघाले. ती जागा म्हणजे वस्तीतलं आपत्ती प्रतिबंध केंद्र. नावातच आपत्ती प्रतिबंध, इमारत भक्कम, शिवाय आठवडाभर आधी झालेल्या त्सुनामीच्या सरावातही सगळे तिथेच जमले होते. त्सुनामीचं पाणी त्या इमारतीच्या वरच्या मजल्यातही घुसलं. आसऱ्याला आलेल्यांपैकी शंभराहून अधिक माणसं गेली.

गोम अशी, की त्सुनामीसाठी ते केंद्र नेमलेलंच नव्हतं. खरी जागा उंचावर होती. पण तिथवर जाणं वयस्कर माणसांना जड जायचं आणि सरावाला लोक येईनात. मग सरावापुरतं खालच्या केंद्रात जमायचं ठरलं. सोय सरावापुरती आहे, हे पायांना कोण सांगणार?

त्याच उनोसुमाईत, त्याच दुपारी, समुद्राजवळच्या माध्यमिक शाळेतली मुलं हादरे ओसरताच पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलं आधी वरच्या मजल्यावर गेली होती. मोठी मुलं पळताना दिसली तशी तीही उतरून त्यांच्या मागे लागली. ठरलेल्या ठिकाणी पोचल्यावर तिथला कडा ढासळलेला दिसला, तेव्हा ‘इथे नको, आणखी वर’ म्हणत सगळे पुढे निघाले. दुसऱ्या ठिकाणीही थांबले नाहीत. पहिली जागा नंतर पाण्याखाली गेली. या पळापळीतली सुमारे ५७० मुलं वाचली.

या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना गुन्मा विद्यापीठातले प्राध्यापक तोशिताका कातादा काही वर्षं शिकवत होते. त्यांची तीन सूत्रं होती: आधी बांधलेल्या अंदाजावर विसंबू नका, त्या घडीला जमेल तितकं सगळं करा आणि इतरांची वाट न पाहता आधी तुम्ही निघा. पहिलं सूत्र जरा वाचून बघा. धोक्याच्या नकाशावर या शाळा बुडणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर दाखवलेल्या होत्या. म्हणजे मुलांना नकाशाही शिकवला होता आणि नकाशावर शंका घ्यायलाही.

सराव दोन्हीकडे झाला होता, म्हणून मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाबद्दल बोलताना आपण ‘सराव हवा’ एवढ्यावर थांबतो. सराव माणसाच्या अंगात नेमकं काय मुरवतो, हा प्रश्न मागेच राहतो.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात आगीशी लढणाऱ्या तुकड्यांच्या प्रमुखांचा अभ्यास केला. आणीबाणीत हे लोक पर्याय कसे तोलतात, हे त्यांना पाहायचं होतं. पण हे लोक पर्याय तोलतच नव्हते! समोरचं दृश्य पाहिलं की त्यांना आधी पाहिलेलं काहीतरी ओळखू यायचं, त्यासोबत एक कृती सुचायची. ती मनातल्या मनात चालवून बघायची, कुठे अडली नाही तर लगेच करायची. अडली, तरच दुसरी. अनुभवी माणसाचं ‘मला आतून वाटलं’ म्हणजे बहुतेक वेळा हीच ओळख पटणं असतं.

आता अडचण बघा. मोठा भूकंप किंवा महापूर एखाद्या अधिकाऱ्याच्या नोकरीत एकदा येतो, कधी येतही नाही. मग ओळख पटायला अनुभव आणायचा कुठून? सराव म्हणजे हा उसना अनुभव. आणि उसन्या अनुभवात खोट असेल, तर खोटीचीच ओळख पटते. उनोसुमाईच्या केंद्रात तेच झालं.

असा अनुभव तयार करण्याची सगळ्यात स्वस्त पद्धत टेबलटॉप सरावाची. एका खोलीत पाणीपुरवठा, आरोग्य, पोलीस, अग्निशमन असे सगळे बसतात, मधे नकाशा असतो. सूत्रधार ठरावीक वेळाने एकेक चिठ्ठी सरकवतो. पहिली चिठ्ठी: नदी इशारा पातळीच्या वर गेली. सगळे निवांत असतात, कारण हे प्रत्येकाच्या योजनेत असतं. दुसरी: नदीकाठच्या रुग्णालयाची वीज गेली, जनरेटर तळघरात आहे आणि तळघरात पाणी शिरलंय. आता खुर्च्या पुढे सरकतात. रुग्ण हलवायचे. कशातून? आरोग्य विभाग म्हणतो, रुग्णवाहिका आहेत. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी आपली फाइल उलगडतं. वृद्धाश्रम रिकामा करायला त्याच रुग्णवाहिका त्यांनी धरलेल्या असतात. तिसऱ्याच्या योजनेतही त्याच. प्रत्येक योजना आपापल्या जागी चोख असते, फक्त गाड्या तीनदा मोजलेल्या असतात.

खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. सूत्रधाराला हीच शांतता हवी असते. सगळं सुरळीत पार पडलेला सराव फोटोला चांगला, पण त्यातून शिकायला फारसं उरत नाही. दुर्दैवानं वरिष्ठ पाहायला येणार म्हटलं की बहुतेक ठिकाणी तशीच रंगीत तालीम होते.

गाड्या मोजण्याइतकाच हुकूम कुणाचा, हा प्रश्न जुना आहे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातले वणवे विझवायला अनेक यंत्रणा एकत्र धावल्या. त्यांचे रेडिओ एकमेकांशी जुळेनात, एकाच वस्तूला प्रत्येकाचा वेगळा शब्द आणि सगळ्यांवर मिळून प्रमुख कोण, ते ठरलेलं नव्हतं. त्या गोंधळातून पुढे घटना नियंत्रणाची एक पद्धत उभी राहिली आणि ती आज अनेक देशांत शिकवतात. तिच्यात एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात जण, शक्यतो पाच. सांकेतिक आकडे टाळून साधं बोलायचं. हुद्दा माणसाला चिकटलेला नसतो, कामाला असतो: आधी पोचलेला कनिष्ठ माणूस प्रमुख, आणि वरिष्ठ आले की रीतसर सूत्रं सोपवायची. हे शेवटचं ऐकायला सोपं आहे. पण उतरंडीत मुरलेल्या कार्यालयात ते शिकवणं हे महाकठीण काम असतं.

प्रत्यक्ष मैदानातल्या सरावात स्वयंसेवक खोट्या जखमा रंगवून पडलेले असतात. तिथे शिकायचं असतं ते ट्रायज, म्हणजे जखमींची प्रतवारी. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातच एक सोपी पद्धत बसवली गेली. चालता येईल त्यांनी बाजूला व्हा, त्यांना हिरवी पट्टी. उरलेल्यांपाशी मिनिटभरही थांबायचं नाही. श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल, मनगटाची नाडी लागत नसेल किंवा साधी सूचना पाळता येत नसेल, तर लाल. या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर पिवळी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नसेल तर काळी, आणि पुढच्या माणसाकडे. वाचताना हे सरळ वाटतं. प्रत्यक्षात किंचाळणारा माणूस सोडून गप्प पडलेल्याकडे आधी जाणं हे अंगाला शिकवावं लागतं, कारण किंचाळणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो.

काही गोष्टी मात्र शिकवण्याऐवजी सोडायला लावाव्या लागतात. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च या घळीत वणवा विझवायला १५ जण हवाई छत्रीने उतरले, एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. आग अचानक उलटली आणि चढावर त्यांच्या मागे लागली. प्रमुख वॅग डॉज यांनी अवजारं टाकून द्यायला सांगितलं. मग काडी ओढून त्यांनी समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून मोकळ्या झालेल्या राखेत पालथे पडले. जळायला काही उरलंच नाही, तर आग येईल कशाला! पण ही युक्ती त्यांच्या माणसांना कुणी शिकवली नव्हती. आगीपासून पळताना आपलाच प्रमुख आग लावतोय, हे पाहून ते तसेच पुढे धावले. १३ जण गेले. डॉज यांना धरून तिघे वाचले.

अवजारांचं पुढे काय झालं? १९९४ मध्ये कोलोरॅडोतल्या वणव्यात १४ जवान मेले, आणि जीव घेऊन पळतानाही काहींनी अवजारं टाकली नव्हती. कुदळ-करवत वर्षानुवर्षं हातात असते. ती टाकणं म्हणजे काम टाकणं वाटतं, आणि स्वतःची ओळख टाकण्यासारखंही. म्हणून पाठीवरचं सामान फेकून पळण्याचा सराव वेगळा करावा लागतो. मला हा या क्षेत्रातला सगळ्यात विलक्षण धडा वाटतो.

आणखी एक टाकून देण्यासारखी गोष्ट म्हणजे ‘लोक घाबरून चेंगराचेंगरी करतील’ ही अधिकाऱ्यांची पक्की समजूत. १९६३ मध्ये अमेरिकेत आपत्ती संशोधन केंद्र स्थापन झालं. त्याच्या संस्थापकांपैकी एक असलेले समाजशास्त्रज्ञ क्वारांटेल्ली आयुष्यभर सांगत राहिले, की आपत्तीत सैरभैर गर्दी क्वचितच दिसते. शेजारी शेजाऱ्याला काढतो, अनोळखी माणसं साखळी करतात. बहुतेकांना वाचवणारे पहिले हात गणवेशातले नसतात. पण गर्दीला घाबरणारा अधिकारी इशारा द्यायला उशीर करतो, अर्धवट देतो, आणि त्या उशिराची किंमत मोठी असते.

इथवर सगळं संकट आल्यानंतरचं. जोखीम कमी करणं हे याआधीचं काम, आणि त्याला सायरन नाही. जोखीम तीन गोष्टींवर ठरते: धोका किती, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि जे आहे ते किती कच्चं आहे. भूकंप थांबवता येत नाही, पण जनरेटर तळघरातून गच्चीवर नेता येतो. २०१५ मध्ये जपानमधल्या सेंदाई इथे ठरलेला २०३० पर्यंतचा जागतिक आराखडा याच बाजूला झुकलेला आहे. तरी प्रशिक्षणात दोर, बोटी, हेल्मेट यांनाच भाव जास्त. नगररचनाकाराला, शाळेच्या इमारतीचा आराखडा तपासणाऱ्या अभियंत्याला कुणी सरावाला बोलावत नाही.

आणि सराव चांगला झाला तरी? जुलै २००४ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात पाच दिवसांचा एक सराव झाला. ‘पॅम’ नावाचं काल्पनिक चक्रीवादळ तिथल्या न्यू ऑर्लिन्स शहरावर आणलं. बांध ओलांडून पाणी शहरात आलं, हजारो लोक गाडी नसल्यामुळे अडकले, छतांवरून सुटका करावी लागली. सगळं कागदावर उतरलं. माणसं बाहेर काढायला वाहनं कुठून आणायची, हा भाग मात्र पुढच्या बैठकांवर गेला आणि त्यांचा पैसा वेळेत आला नाही. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना हे खरं चक्रीवादळ आलं, बसगाड्या वेळेवर आल्या नाहीत.

म्हणून जाणते सूत्रधार सराव संपल्यावर चार प्रश्न विचारतात: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, आणि तो कोण, कधीपर्यंत मिटवणार? शेवटच्या प्रश्नाला नाव आणि तारीख मिळाल्याशिवाय ते कुणाला उठू देत नाहीत. काही जण त्याआधी आणखी एक खोडी करतात. सराव ऐन रंगात आला की एक चिठ्ठी थेट प्रमुखापुढे ठेवतात: ‘तुम्ही दरडीखाली अडकला आहात, यापुढे बोलायचं नाही.’ प्रमुख हाताची घडी घालून मागे बसतो. टेबलाभोवतीची माणसं सवयीनं त्याच्याकडेच पाहत राहतात. आणि मग, जरा वेळाने, कोपऱ्यातली सगळ्यात कनिष्ठ मुलगी नकाशा आपल्याकडे ओढून घेते.