हँडहेल्डच्या उसन्या ड्राइव्ह

बारकोडचे पेटंट नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना 1952 मध्ये मिळाले. दुकानात पहिली वस्तू स्कॅन व्हायला मात्र 26 जून 1974 उजाडला: ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटातले च्युइंगगमचे पाकीट. त्याच वर्षी इंटरमेक कंपनीत कोड 39 तयार झाला. त्यात आकड्यांबरोबर अक्षरेही बसत, म्हणून कारखान्यांनी आणि गोदामांनी तो उचलला.

गल्ल्यावरचा स्कॅनर जागचा हलत नाही. गोदामातला माणूस दिवसभर रॅकांमधून फिरतो. म्हणून संगणकच हातात आला, तोच हँडहेल्ड. पण मोजलेला माल होस्टच्या, म्हणजे ऑफिसातल्या संगणकाच्या, हिशेबात उतरवायचा कसा? सुरुवातीची काही यंत्रे टेलिफोनचा रिसीव्हर कपलर नावाच्या जोडणीवर ठेवून आवाजातून आकडे पाठवत. मग एकामागून एक बिट नेणारी सीरियल केबल आली, तरी फाइल पाठवण्याचा प्रोग्राम दोन्ही टोकांना लागायचाच.

डॉस या पीसीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे हँडहेल्ड आले आणि वाट बदलली. इंटरमेकचा जेनस त्यातलाच. 1993च्या एमएस-डॉस 6 मध्ये इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर ही दोन प्रोग्रामांची जोडी होती: एका यंत्राच्या ड्राइव्ह केबलवरून दुसऱ्याला वापरता येत. ती मुळात लॅपटॉपवाल्यांसाठी, पण हँडहेल्डलाही नेमकी उपयोगी पडली. ड्राइव्ह देणाऱ्या यंत्रावर इंटरसर्व्हर चालवायचा, घेणाऱ्याच्या कॉन्फिग.सिसमध्ये (यंत्र सुरू होताना वाचली जाणारी फाइल) इंटरलिंकची ओळ घालायची. होस्टची सी ड्राइव्ह हँडहेल्डवर ई किंवा एफ म्हणून दिसू लागे आणि साधी कॉपीची आज्ञा पुरे होई. मला यातले मोठेपण इथेच दिसते: प्रोग्राम लिहिणाऱ्याला केबल विसरता आली.

ड्राइव्हना अक्षरे कोणती मिळतील, हे मात्र कॉन्फिग.सिसमधल्या क्रमावर ठरे. इंटरलिंकच्या ओळीनंतर रॅम-ड्राइव्हची (मेमरीतच बनवलेल्या ड्राइव्हची) ओळ असेल, तर रॅम-ड्राइव्हचे अक्षर पुढे सरके आणि जुनी बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल) भलतीकडे लिहू लागे. शिवाय इंटरसर्व्हर चालू असेपर्यंत ते यंत्र दुसरे काहीच करू शकत नसे. हँडहेल्डवर चालवला तर स्कॅनिंग बंद, होस्टवर चालवला तर ऑफिसातला पीसी अडकलेला. त्यात सीरियल केबलचा वेग फार तर सेकंदाला 1,15,200 बिट, म्हणजे एका मेगाबाइटला दीड मिनिट.

फ्लॉपी नसलेल्या यंत्रात ही जोडी पहिल्यांदा घालायची कशी, याचीही सोय होती. इंटरसर्व्हरला आरकॉपी हा पर्याय देऊन ती सात तारांच्या नल-मोडेम (दोन संगणक थेट जोडणाऱ्या) केबलमधूनच पाठवता येई. त्याआधी घेणाऱ्या यंत्रावर दोन आज्ञा द्याव्या लागत: सीरियल पोर्टचा वेग ठरवणारी मोड आणि पुढच्या आज्ञा त्या पोर्टवरून घ्यायला लावणारी सीटीटीवाय.

पुढे विंडोज सीई या छोट्या यंत्रांच्या विंडोजबरोबर पीसीशी जोडणारे अ‍ॅक्टिव्हसिंक आले, मग अँड्रॉइडवर एमटीपी ही फाइली देण्याघेण्याची पद्धत. यंत्र आजही पीसीला जोडले की दिसते, पण त्याला ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही. म्हणून ई किंवा एफवर भिस्त ठेवून लिहिलेल्या बॅच फाइली तिथे चालत नाहीत.