ट्रूकलर : कमांड-लाइन टूलचे रंगीत आउटपुट

कमांड-लाइन टूलचे, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञेवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचे, आउटपुट टर्मिनलवर (आज्ञा आणि उत्तरे दाखवणाऱ्या पडद्यावर) २४ बिटी रंगांत दाखवण्याच्या सोयीला ट्रूकलर म्हणतात. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही घटकांना ० ते २५५ अशी किंमत देता येते, त्यामुळे एकूण १,६७,७७,२१६ रंग मिळतात. रंगाचा कोड छापणे हे यातले सर्वांत सोपे काम. तो कुठे छापायचा नाही आणि कुठे कमी रंगांवर उतरायचे, हे ठरवण्यात खरी मेहनत आहे, आणि टूलची पारखही तिथेच होते.

टर्मिनलला रंग सांगायचा तो एस्केप कोडने, म्हणजे टर्मिनल न छापता आज्ञा म्हणून वाचते अशा चिन्हमालिकेने. या कोडचे ईसीएमए-४८ हे मानक १९७६ मध्ये आले. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलने ही पद्धत रूढ केली, जरी त्याचा स्वतःचा पडदा एकरंगी होता. कोडची रचना साधी आहे: एस्केप (बाइट २७), चौकटी कंस [, अर्धविरामांनी तोडलेले आकडे आणि शेवटी इंग्रजी लहान एम. अक्षरांसाठी ३० ते ३७ हे मूळ आठ रंग आणि ९० ते ९७ हे त्यांचे उजळ भाऊ. पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७ आणि १०० ते १०७. पुढे २५६ रंगांची यादी आली, तिच्यासाठी ३८;५ आणि यादीतला क्रमांक. ट्रूकलरला ३८;२ आणि त्यापुढे तीन घटक; पार्श्वभूमीला ३८ च्या जागी ४८. नारिंगीसाठी ३८;२;२५५;१३६;० असे लिहावे लागते.

आयएसओ ८६१३-६ या मानकात हे आकडे अपूर्णविरामाने तोडलेले आहेत, पण व्यवहारात अर्धविरामच रुळला. त्याची किंमत जुन्या टर्मिनलवर मोजावी लागते. ३८ न समजणारे टर्मिनल पुढचे आकडे सुटे सुटे वाचते. ३८;२;७;४;९ हा जवळजवळ काळा रंग पाठवला, तर २ म्हणजे मंद, ७ म्हणजे उलटे रंग, ४ म्हणजे अधोरेखित आणि ९ म्हणजे खोडलेले, असे सगळे एकदम लागू होऊ शकते. म्हणून आधी विचारायचे, मग रंगवायचे.

विचारण्याचा क्रम ठरलेला असावा. वापरणाऱ्याने कलर हा पर्याय ऑलवेज (नेहमी) किंवा नेव्हर (कधीच नाही) असा स्पष्ट दिला असेल, तर तोच शेवटचा शब्द. तो नसेल किंवा ऑटो (टूलने स्वतः ठरवावे) असेल, तर नो_कलर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग, पाहावे. ते रिकामे नसेल तर त्यात काहीही असो, रंग बंद. त्यानंतर आउटपुट खरोखर टर्मिनलला जाते आहे का, हे आयएसएटीटीवाय फंक्शनने तपासावे. फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमकडे) जाणाऱ्या आउटपुटात रंग घुसले की पुढची स्क्रिप्ट मोडते. ही तपासणी स्टँडर्ड आउटपुट (नेहमीचा मजकूर) आणि स्टँडर्ड एरर (चुकांचे संदेश) यांची वेगवेगळी करावी, कारण एक फाइलकडे वळवलेले आणि दुसरे पडद्यावर, असे नेहमी घडते. टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या टर्म या व्हेरिएबलमध्ये ‘डम्ब’ असेल तरीही रंग नकोत.

मग येते पातळी. कलरटर्म या व्हेरिएबलमध्ये ‘ट्रूकलर’ किंवा ‘२४बिट’ असेल तर पूर्ण रंग, टर्मच्या शेवटी ‘२५६कलर’ असेल तर २५६, एरवी १६. कलरटर्मवर डोळे मिटून विसंबता येत नाही. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर काम करण्याचा प्रोग्रॅम) ते आपणहून पलीकडे पाठवत नाही, त्यामुळे सर्व्हरवर गेल्यावर चांगले टर्मिनलही २५६ वर येते. उलट, स्क्रीनसारख्या मल्टिप्लेक्सरमध्ये (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बाहेरच्या टर्मिनलचे कलरटर्म वारशाने आत येते आणि आतल्याला झेपत नसताना पूर्ण रंग पाठवले जातात. टीमक्स हा दुसरा मल्टिप्लेक्सर २०१६ च्या २.२ आवृत्तीपासून ट्रूकलर जाणते, पण बाहेरचे टर्मिनल सक्षम आहे हे त्याला कळलेले असावे लागते. नाहीतर ते स्वतःच रंग २५६ वर उतरवते.

उतरवण्याच्या गणितात एक चूक वारंवार दिसते. २५६ च्या यादीत पहिले १६ सोडले की २१६ रंगांचा घन येतो. त्याचा क्रमांक १६ + ३६×लाल + ६×हिरवा + निळा, प्रत्येक घटक ० ते ५. या पायऱ्या समान अंतरावर असतील असे धरून किमतीला ५१ ने भागले जाते. एक्सटर्म या टर्मिनलच्या यादीत त्या तशा नाहीत: ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५. (४०, ४०, ४०) ही गडद पार्श्वभूमी घ्या. ४० भागिले ५१, जवळच्या पूर्णांकात १. म्हणजे क्रमांक ५९ आणि प्रत्यक्ष रंग (९५, ९५, ९५). गडद पडदा फिकट राखाडी झाला. घनानंतर २३२ ते २५५ या २४ राखाडी छटा आहेत, ८ पासून दहा-दहाने चढत्या. त्यांतली २३५ ही (३८, ३८, ३८) आहे आणि तीच इथे हवी. म्हणून घन आणि राखाडी, दोन्हींतला जवळचा रंग काढून अंतरांची तुलना करावी. वरची नारिंगी या हिशेबाने २०८ वर बसते.

सर्वत्र ट्रूकलर वापरणे मात्र चुकीचेच. पहिले १६ रंग वापरणाऱ्याच्या थीमप्रमाणे बदलतात. पांढऱ्या पडद्यावर काम करणाऱ्याने पिवळा गडद करून ठेवलेला असतो. ट्रूकलर ती निवड ओलांडून जातो. चूक, इशारा, यश यांसाठी १६ पुरेत. पूर्ण रंग ग्रेडियंट, चित्रे आणि कोडच्या थीमसाठी राखावेत. आणि अर्थ केवळ रंगावर सोडू नये, शेजारी शब्द किंवा खूण हवीच.

बाकीच्या अडचणी छापण्याच्या वेळच्या. आतली शैली संपवताना ० पाठवला तर बाहेरचा ठळकपणाही जातो. अक्षराचा रंग ३९ ने, पार्श्वभूमी ४९ ने, ठळकपणा २२ ने बंद करावा. पार्श्वभूमी नवीन ओळीआधी बंद केली नाही, तर पडदा सरकताना तो रंग ओळभर पसरतो. तक्त्यात आधी रकान्याची रुंदी भरून घ्यावी, मग रंग लावावा. एका ट्रूकलर कोडचे १९ पर्यंत बाइट होतात आणि ते लांबीत मोजले गेले की रकाने वेडेवाकडे होतात. प्रत्येक अक्षराला नवा कोडही नको, रंग बदलला तरच पाठवावा.

देवनागरीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘किती’ मधला ‘क’ शोधून रंगवला, तर रंग बंद करणारा कोड क आणि वेलांटी यांच्या मधे पडतो. काही टर्मिनलवर मग वेलांटी सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते. रंगाची सीमा कोडपॉइंटवर (युनिकोडच्या एकेका चिन्हावर) न ठेवता पूर्ण अक्षरावर ठेवावी.

विंडोज १० च्या कन्सोलमध्ये २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून ट्रूकलर आहे. मात्र तिथे प्रोग्रॅमने सेटकन्सोलमोड या फंक्शनमधून व्हर्च्युअल टर्मिनलचा ४ किमतीचा बिट चालू करणे अपेक्षित असते. तो राहिला तर रंगाऐवजी कोडच पडद्यावर छापले जातात. तपासताना आउटपुट ‘कॅट -व्ही’ या न दिसणारी चिन्हे दाखवणाऱ्या आज्ञेमधून काढावे: ऑटोवर एकही एस्केप दिसता कामा नये, ऑलवेजवर सगळे दिसले पाहिजेत. पाने उलटत वाचायचे असल्यास लेस या प्रोग्रॅमला -आर हा मोठ्या लिपीतला पर्याय द्यावा.