घरात उरलेल्या गोळ्या-औषधांचं काय करायचं?

ताप उतरला की पाकिटात चार गोळ्या उरतातच. त्या टीव्हीखालच्या डब्यात पडतात आणि पुढे शेजारच्या आबांना दिल्या जातात, "घ्या, आमच्या पोराला याच गोळीनं गुण आला व्हता." असं करू नका. त्यातून अँटिबायोटिकचा डोस अर्धवट उरला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाकिटावर ०८/२०२६ असेल तर औषध ऑगस्टअखेरपर्यंत चालतं. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि बऱ्याच गोळ्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. पत्र्याच्या घरात रंग बदललेली, चिकट झालेली गोळी तारीख न बघता बाजूला काढा. पाणी घालून तयार केलेलं मुलांचं अँटिबायोटिक सिरप साधारण आठवडाभरच टिकतं, बाटलीवर तारीख कितीही पुढची असो.

टाकताना गोळ्या पाकिटातून काढा, चहाच्या चोथ्यात किंवा राखेत कालवा आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत घट्ट बांधा. रिकामं पाकीट कात्रीनं कापा. २०१६ च्या नियमांत मुदत संपलेलं औषध घरगुती घातक कचऱ्यात धरलं होतं, म्हणून घंटागाडीवाल्या दादांना पिशवी वेगळी द्या. गावात गाडी येत नसेल तर ती उकिरड्यावर नको. गुरं तोंड घालतात, आणि तोच उकिरडा उन्हाळ्यात शेतात जातो. बाजाराला येताना पिशवी आमच्या औषधाच्या दुकानात आणा, आम्ही ती जैववैद्यकीय (दवाखान्याच्या) कचऱ्याच्या गाडीत देतो. चुलीत मात्र काही जाळू नका.

संडासात ओतणंही टाळा, शोषखड्डा बोअरपासून फार लांब नसतो. अपवाद आहे तो मॉर्फिन, फेन्टानिलसारख्या तीव्र वेदनाशामकांचा. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं २०२५ मध्ये अशा औषधांसह एकूण १७ औषधांची यादी दिली आहे. ती चुकून कुणी घेतली तर जीवावर बेततं, म्हणून ती फ्लश करायला सांगितली आहेत. तुमचं औषध त्यात आहे का, ते आम्हाला विचारा.

इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा. इन्हेलर फोडू नका, आगीत टाकू नका.

आणि शेतकरी भाऊंनो, घरात उरलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक बैलाला टोचू नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. असं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात.

डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या असतील तर तेवढ्याच मागा, आम्ही पाकीट कापून देतो. तारखेचा भाग कापला गेला तर ती बिलावर लिहून घ्या.