आग विझते, फुप्फुसांचं काय?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी अग्निशमन सेवा दिन पाळतात. पण धुरातून जिवंत परतलेल्यांच्या फुप्फुसांचं पुढे काय होतं, याची चर्चा फार कमी होते.

न्यूयॉर्कमध्ये ती झाली, कारण तिथे आकडे हाताशी होते. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे कोसळले. काँक्रीटचा भुगा, काचतंतू, अ‍ॅस्बेस्टॉस यांच्या धुळीत अग्निशमन दलाने काम केलं. पुढच्या वर्षभरात त्या जवानांची एफईव्ही-१, म्हणजे फुप्फुसांची ताकद दाखवणारी मोजणी, सरासरी ३७२ मिलिलिटरने घटली. वयोमानाने ती वर्षाला साधारण ३० मिलिलिटर घटते. म्हणजे बारा वर्षांचं म्हातारपण एका वर्षात आलं!

एफईव्ही-१ म्हणजे छाती भरून श्वास घेऊन जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा. ती स्पायरोमीटरवर मोजतात आणि तुमचं वय, उंची, लिंग यांवरून अपेक्षित आकड्याशी ताडून पाहतात. खरी मेख इथे आहे. जवान मुळातच धडधाकट असतो. त्याचा अपेक्षित आकडा ४ लिटर, पण प्रत्यक्षातला ४.६ असू शकतो. त्यातले ४०० मिलिलिटर गेले तरी उरतात ४.२, आणि अहवालावर ‘नॉर्मल’ शिक्का बसतो. जिने चढताना धाप लागते आणि कागद मात्र सांगतो, काही झालेलं नाही. नुकसान दिसतं ते त्याच माणसाच्या जुन्या आकड्याशी तुलना केली तरच. न्यूयॉर्कच्या दलात ही तपासणी २००१ च्या आधीपासून होत होती, म्हणून ते सिद्ध झालं. पुढची सहा वर्षं पाहिलं, तर गेलेली क्षमता बहुतेकांना परत मिळालीच नव्हती.

धुरातून आल्यावर गूळ खा, फुप्फुसं साफ होतात, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुप्फुसांत पोचतच नाही. जवानाला वाचवतो तो बीए सेट, म्हणजे सिलिंडरमधून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा, आणि तो ढिगारा उपसतानाही तोंडावर असायला हवा.

अमेरिकेने २०११ मध्ये मनोऱ्यांच्या त्या धुळीने आजारी पडलेल्यांच्या उपचारांसाठी झाड्रोगा कायदा केला आणि २०१५ मध्ये त्याची मुदत २०९० पर्यंत वाढवली. इतकी लांब मुदत योग्यच आहे, कारण अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कॅन्सर तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. खर्च वाढत गेला, तेव्हा २०२२ च्या शेवटी आणखी १ अब्ज डॉलर द्यावे लागले.

आपल्या पंधराव्या वित्त आयोगाने अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपये सुचवले. बंब, शिड्या, केंद्रं हवीतच. त्याच्या शेजारी आणखी एक कायमची तरतूद हवी: भरतीच्या वेळी स्पायरोमेट्री, मग दर वर्षी, मोठ्या आगीनंतर लगेच आणि निवृत्तीनंतरही. ती नोंद सेवापुस्तकात राहिली, तर मुंबईचा जवान साठीत उपचारांचा खर्च मागायला जाईल तेव्हा त्याच्या हातात पुरावा असेल.