नेव्हिल, पण कोणता? गॅरी आणि फिल

जुन्या फुटबॉल सामन्यांच्या बातम्यांत नुसतं ‘नेव्हिल’ छापलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दोघे सख्खे भाऊ, मँचेस्टरजवळच्या बरी शहरातले. दोघेही उजव्या पायाचे बचावपटू, दोघेही मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघातून वर आलेले. त्यात वडिलांचं नावच नेव्हिल नेव्हिल! गॅरी थोरला, जन्म 1975 चा. फिल 1977 चा.

आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळला तो गॅरी. सप्टेंबर 1992 मध्ये टॉर्पेडो मॉस्कोविरुद्ध पहिला सामना, 1 जानेवारी 2011 ला वेस्ट ब्रॉमविरुद्ध शेवटचा. मधे 602 सामने आणि अवघे 7 गोल. त्याचा संघसोबती डेव्हिड बेकहॅम सुरुवातीला उसनवारीवर प्रेस्टन क्लबला जाऊन आला होता, गॅरी तेवढ्यापुरताही बाहेर गेला नाही. फिलने मात्र 386 सामन्यांनंतर 2005 मध्ये युनायटेड सोडून एव्हर्टन गाठलं आणि तिथे आणखी 303 सामने खेळला. बेरीज करून पाहा: क्लबच्या सामन्यांत धाकटा थोरल्याच्या पुढे आहे. एकनिष्ठेचा बोलबाला झाला की हा आकडा हमखास विसरला जातो.

एक टिकला आणि दुसरा गेला, याचं कारण निष्ठेपेक्षा जागेत जास्त आहे. गॅरीची जागा पक्की होती, राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू. त्याच्यापुढे, त्याच कडेला बेकहॅम. बेकहॅमकडे चेंडू आला की गॅरी त्याच्या मागून, बाजूरेषेच्या कडेने पुढे धावायचा. समोरचा लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) गॅरीमागे गेला तर बेकहॅमला क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, मारायला हातभर मोकळी जागा मिळे. तो जागीच राहिला तर गॅरी मोकळा. बहुतेक वेळा गॅरीला चेंडू मिळतच नसे, त्याचं धावणं हेच काम. मात्र चेंडू मधेच हिसकावला गेला की त्याच्यामागची जागा उघडी पडे. सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, उजवीकडे सरकावं लागे आणि मधल्या फळीतल्या कुणाला तरी मागे यावं लागे.

फिल डावीकडे, उजवीकडे, मध्यभागी, कुठेही चाले. प्रशिक्षकाला असा खेळाडू हवाहवासा वाटतो, पण ज्याला कुठेही खेळवता येतं त्याची हक्काची जागा कुठलीच नसते. उजव्या पायाच्या माणसाला लेफ्ट बॅक म्हणून उभं केलं की अडचण ठरलेली: प्रतिस्पर्धी बाहेरच्या बाजूने निघाला तर डाव्या पायाने चेंडू काढावा लागतो, आणि अर्धं पाऊल उशीर झाला की चेंडूऐवजी माणूस लागतो. युरो 2000 या युरोपीय देशांच्या स्पर्धेत, बेल्जियममधल्या शार्लरुआला इंग्लंडची रुमानियाशी 2-2 अशी बरोबरी होती, आणि इंग्लंडला तेवढी पुरेशी होती. शेवटच्या मिनिटांत फिलने मोल्दोव्हानला पाडलं, पेनल्टीवर गोल झाला, इंग्लंड घरी गेलं. हा नेव्हिल फिल. त्याच सामन्यात गॅरी नेहमीप्रमाणे उजवीकडे होता.

ऑक्टोबर 2006 मधला झाग्रेबचा, क्रोएशियाविरुद्धचा स्वयंगोल मात्र गॅरीच्या नावावर. त्याने गोलरक्षकाकडे मागे दिलेला पास ऐनवेळी उसळला, रॉबिन्सनची लाथ हवेत गेली आणि चेंडू जाळ्यात. रॉबिन्सनचा स्पर्शच झाला नाही, म्हणून नोंद गॅरीची.

आकड्यांतही चूक होते. इंग्लंडकडून गॅरीचे सामने 85, फिलचे 59, आणि गोल दोघांचेही शून्य. प्रीमियर लीगची विजेतेपदं गॅरीची 8, फिलची 6. गॅरीची 9 धरणारे 2008 चं मोजतात. मार्च 2007 मध्ये बोल्टनविरुद्ध त्याचा घोटा दुखावला आणि पुढच्या हंगामात तो लीगचा एकही सामना खेळला नाही. पदकासाठी तेव्हा 10 सामने लागत.

क्रिकेटच्या जुन्या धावफलकातही दोघे सापडतात. 1992 मध्ये ग्रीनमाउंट क्लबकडून मॅथ्यू हेडनसोबत शतक ठोकणारा गॅरी, आणि इंग्लंडच्या 15 वर्षांखालील संघाचा कर्णधार फिल.

2009 च्या एफए कप उपांत्य फेरीत, वेम्बलीवर, युनायटेडविरुद्ध टायब्रेकरमध्ये पेनल्टी मारणारा एव्हर्टनचा कर्णधार नेव्हिल कोणता, हे आता सांगायला नको. गोल झाला, एव्हर्टन जिंकलं.